बाळासाठी क्रोशाचं पहिलं ब्लँकेट: या चुका टाळा

डोहाळजेवण झालं की अनेकींच्या मनात येतं, बारशाला विकतचं काही न्यायचं नाही, आपल्या हातचं द्यायचं. मग कोल्हापूरच्या महाद्वार रोडला चक्कर होते, मऊ लोकर घरी येते, मोबाइलवर व्हिडिओ लागतो. आणि थोड्याच दिवसांत ते काम पिशवीत जाऊन पडतं, कारण चौकोन म्हणून घातलेलं ब्लँकेट वर वर निमुळतं व्हायला लागलेलं असतं. "काकू, हे असं तिरकं का हो जातंय?" हा प्रश्न शिकणाऱ्या प्रत्येकीच्या तोंडी असतो. क्रोशाचं साधं ब्लँकेट बहुतेक वेळा कडांना बिघडतं, आणि कड सांभाळणं हे निव्वळ मोजणीचं काम आहे. ते कुणालाही जमतं.

पण आधी लोकरीचं बोलू. दुकानात बाळाची लोकर म्हणून जी मिळते ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. हलकी असते, धुवायला सोपी, पटकन वाळते. मात्र आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये बाळाला त्यात उकडतं, म्हणून उन्हाळ्यातल्या बाळासाठी सुती धागा घ्या. जुलैचं गणित उलटं. कोल्हापुरात झड लागली की दिवस दिवस ऊन दिसत नाही. जाड सुती ब्लँकेट तेव्हा दोरीवर दमटच राहतं आणि त्याला कुबट वास येतो. त्या दिवसांत ॲक्रिलिक किंवा सुती-ॲक्रिलिक मिश्र धागा सोयीचा. बाळ कोणत्या महिन्यात येणार हे विचारूनच धागा निवडा. केसाळ लोकर मात्र कोणत्याच ऋतूत नको. तिच्यात टाका दिसत नाही, उसवताना ती गुंतते आणि तिची लव बाळाच्या तोंडात जाते. पहिल्या कामाला काळा किंवा गडद निळा रंगही टाळा, रात्री दिव्याखाली टाके मोजताच येत नाहीत.

साधारण ७५ बाय ९० सेंटिमीटरच्या ब्लँकेटला मध्यम जाडीची ४०० ते ५०० ग्रॅम लोकर लागते. ती एकदमच आणा, एखादा गुंडा जास्तीचा घ्या, आणि सगळ्या लेबलांवरचा लॉट नंबर (एकत्र रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक) एकच आहे ना ते पाहा. शेड नंबर तोच असूनही लॉट बदलला की रंगात किंचित फरक पडतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो कळत नाही, घरी दिवसाउजेडी ब्लँकेटवर पट्टा दिसतो.

आता सुरुवातीची साखळी, म्हणजे ब्लँकेटचा पाया. नवख्या हाताची साखळी घट्ट येते, कारण सुटायची भीती असते. मग वरच्या ओळी मोकळ्या, खालची कड आवळलेली, आणि ब्लँकेट तळाशी अरुंद. उपाय सोपा आहे. ओळी ४.५ मिलिमीटरच्या सुईने विणणार असाल तर फक्त साखळी ५ किंवा ५.५ च्या सुईने घाला. फंदा सुईच्या निमुळत्या गळ्यावर न ठेवता मागच्या जाड भागावर येऊ द्या, टाके आपोआप सारखे पडतात.

किती साखळ्या घालायच्या हे अंदाजाने ठरवू नका. आधी एक छोटा चौकोन विणा आणि १० सेंटिमीटरमध्ये किती खांब (सुईवर एक वेढा घेऊन घातलेले उंच टाके) बसतात ते मोजा. समजा १६ बसले, तर ७५ सेंटिमीटरला १२० खांब. पण साखळ्या १२२ घालायच्या, कारण पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत जातो आणि सोडलेल्या तीन साखळ्या मिळून एक खांब धरला जातो. इथे १२० च घातल्या तर पहिल्याच ओळीत दोन खांब कमी पडतात.

कड नेमकी कुठे चुकते ते नीट पाहा. खांबांची ओळ संपली, काम वळवलं, तीन साखळ्या घातल्या. या तीन साखळ्या म्हणजेच नव्या ओळीचा पहिला खांब. म्हणून त्यांच्या बुडाशी असलेला टाका सोडून पुढच्या टाक्यात सुई घालायची. त्याच टाक्यात घातली तर एक खांब वाढला. ओळीच्या शेवटी मागच्या ओळीच्या त्या तीन साखळ्या उभ्या असतात. त्या थोड्या मागे वळलेल्या असतात आणि टाक्यासारख्या दिसतच नाहीत. तिसऱ्या, म्हणजे सर्वांत वरच्या साखळीत शेवटचा खांब घालायचा. तो राहिला की एक कमी झाला. दर ओळीला एक कमी म्हणजे वीस ओळींत वीस खांब गेले, मग त्रिकोण होणारच.

काही व्हिडिओंत वळणाच्या साखळ्या मोजतच नाहीत. तिथे पहिला खांब बुडाच्या टाक्यातच घालतात आणि शेवटी साखळीचं डोकं सोडून देतात. दोन्ही रीती बरोबर आहेत. घोळ होतो तो सुरुवात एका रीतीने आणि शेवट दुसरीने केला की. एकाच व्हिडिओला धरून राहा. व्हिडिओ परदेशी असेल तर तो अमेरिकन की ब्रिटिश तेही बघा. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्याला ब्रिटनमध्ये डबल क्रोशे म्हणतात, म्हणजे आपला मुका खांब, वेढा न घेता घातलेला बुटका टाका. मुका खांब असेल तर वळताना साखळी एकच.

वळणाच्या तिसऱ्या साखळीत वेगळ्या रंगाचा दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवा, परत येताना ती लगेच सापडते. दर वीस खांबांवरही असाच तुकडा बांधला तर १२० मोजायला वेळ लागत नाही. सेफ्टी पिन नको, बाळाच्या कामात ती चुकून राहून गेली तर फार वाईट. मोजणी दर दोन ओळींनी करा. ओळीत एकच टाका कमी निघाला आणि कड सरळ असेल, तर पुढच्या ओळीत मध्यावर एका टाक्यात दोन खांब घाला, कुणाला दिसत नाही. कडच चुकली असेल तर उसवा. क्रोशात सुईवर एकच फंदा जिवंत असतो, त्यामुळे उसवणं आणि पुन्हा धरणं दोन सुयांच्या विणकामापेक्षा कितीतरी सोपं.

गुंडा संपला की नुसती गाठ मारून पुढे जाऊ नका. धुण्यात गाठ सुटते, आणि सुटलेला धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला तर रक्तप्रवाह अडू शकतो. १५ सेंटिमीटर शेपूट ठेवा, बोथट सुईने टाक्यांच्या आतून एकदा इकडे, एकदा तिकडे, पुन्हा इकडे अशी ओवा.

शेवटची किनार झालरीसारखी लहरायला लागली तर तिच्यात टाके जास्त झाले आहेत. आत ओढली जात असेल तर कमी. उभ्या कडेला खांबाच्या प्रत्येक ओळीमागे दोन मुके खांब आणि कोपऱ्यात एकाच जागी तीन, एवढं धरलं की किनार सपाट बसते.

मोठ्या भोकांची जाळी, मणी, गोंडे, लटकणारे पॉम्पॉम बाळाच्या ब्लँकेटला लावू नका. जाळीत बोटं अडकतात, आणि मणी सुटला तर थेट तोंडात जातो. आणखी एक गोष्ट आईला आवर्जून सांगा: अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या सल्ल्यानुसार पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळाजवळ कोणतंही सुटं पांघरूण ठेवू नये. हे ब्लँकेट मांडीवर घेताना, बाहेर नेताना, जमिनीवर खेळताना, कुणाचं तरी लक्ष असताना वापरायचं.

द्यायच्या आधी एकदा सौम्य साबणाने धुवा आणि दोरीवर न टाकता आडवं पसरून वाळवा. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नका, लोकर एकदा लुळी पडली की परत पहिल्यासारखी होत नाही. लोकरीचं एक लेबल जपून ठेवून ब्लँकेटसोबतच द्या, धुण्याच्या सूचना त्यावर छापलेल्या असतात.