दुपारी झोपायला नकार देणारे मूल: या चुका टाळा

दीड ते तीन वर्षांचे मूल दुपारी झोपेनासे झाले की घरातील मोठी माणसे बहुधा दोनपैकी एक निष्कर्ष काढून मोकळी होतात: मूल हट्टी झाले आहे, किंवा त्याला आता दुपारच्या झोपेची गरज उरलेली नाही. या वयात हे दोन्ही निष्कर्ष सहसा चुकीचे ठरतात. गोव्यात दुपारी एकनंतर बाजारातील अनेक दुकानेसुद्धा बंद होतात, वाड्यावरची वर्दळ थांबते, वडीलधारी मंडळी जेवून आडवी होतात आणि नेमके त्याच वेळी घरातील सर्वांत लहान माणूस टक्क जागे असते. या जागेपणाचे कारण दुपारी एक वाजता शोधून सापडत नाही. ते बहुतेक वेळा आदल्या रात्रीच्या झोपण्यात आणि त्या दिवशीच्या सकाळी उठण्यात दडलेले असते, आणि म्हणून मुलाला दटावण्याआधी घरातील वेळापत्रक तपासणे आवश्यक आहे.

उशिरा उठलेल्या मुलाकडून वेळेवर झोपेची अपेक्षा

सर्वांत जास्त घरांत होणारी चूक हीच आहे. वेर्णा किंवा कुंडई औद्योगिक वसाहतीतून वडील रात्री उशिरा परततात, किंवा आई हॉटेलातील काम आटोपून दहाच्या पुढे घरी येते, आणि मूल त्यांची वाट पाहत साडेदहा-अकरापर्यंत जागे राहते. दिवसभर न भेटलेल्या आईवडिलांना मुलासोबत अर्धा तास हवा असतो आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र असे मूल सकाळी नऊला उठते आणि घरातील इतरांच्या सोयीनुसार त्याला दुपारी एकला झोपवण्याचा प्रयत्न होतो. त्या वेळी ते उठून जेमतेम चार तास झालेले असतात.

जागेपणाच्या काळात मेंदूत ॲडेनोसिन हे द्रव्य साठत जाते आणि झोपेची ओढ हळूहळू वाढते. तिच्या जोडीला शरीराचे आतले घड्याळ झोपेची वेळ ठरवत असते. झोपेच्या या दोन प्रक्रियांचा सिद्धान्त झुरिचचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडला आणि आजही झोपेचा विचार त्याच आधारावर केला जातो. दिवसातून एकदाच झोपणाऱ्या मुलात ही ओढ पुरेशी वाढायला साधारण पाच ते सहा तास लागतात. त्यामुळे सातला उठलेले मूल साडेबारा-एकला पेंगू लागते, तर नऊला उठलेले मूल तीनपर्यंत सहज खेळत राहते. तीनला झोपलेले मूल पाचला उठते, रात्री अकराला जागेच असते, आणि दुसऱ्या दिवशी तेच चक्र पुन्हा सुरू होते.

यावरचा उपाय सकाळी करायचा असतो. उठण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे आणावी, उठल्याबरोबर मुलाला व्हरांड्यात किंवा अंगणात उजेडात न्यावे आणि सुट्टीच्या दिवशीही तीच वेळ सांभाळावी. रात्री उशिरा येणाऱ्या पालकाने आपला वेळ मुलाला सकाळी द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. आंघोळ घालणे आणि न्याहारी भरवणे ही कामे त्यांच्याकडे सोपवली तर दोघांनाही एकमेकांचा सहवास मिळतो आणि मुलाची रात्रही मोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला तिसरा वाढदिवस होईपर्यंत चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप हवी, तर तीन ते चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. हे आकडे दिवसाची झोप धरून आहेत, ही गोष्ट विसरू नये. रात्री अकरा तास शांत झोपणारे दोन वर्षांचे मूल दुपारी दीड तासच झोपले, तर त्याची झोप पुरेशी आहे.

स्कूटरवरची पाच मिनिटांची डुलकी

बालवाडीतून किंवा पाळणाघरातून मुलाला बाराच्या सुमारास घरी आणताना जे घडते, ते नीट पाहण्यासारखे आहे. वाऱ्याची झुळूक लागते, इंजिनाचा एकसुरी आवाज कानावर पडत राहतो, मुलाची मान एका बाजूला कलते, हातातील पाण्याची बाटली निसटू लागते आणि डोळा लागतो. घर येते तेव्हा मूल पाच-दहा मिनिटेच झोपलेले असते. तेवढ्यात दप्तर उतरवताना त्याला जाग येते. पुढे जेवण होऊन अंथरुणावर नेईपर्यंत त्याच्या डोळ्यांवर झोपेचा मागमूस राहिलेला नसतो. झोपेच्या ओढीचा वरचा थर त्या छोट्या डुलकीने ओसरलेला असतो, आणि घरच्यांना मात्र वाटते की आज याला झोपायचेच नाही.

शक्य असल्यास मुलाला पेंग येण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घरी आणावे. ते शक्य नसेल तर वाटेत त्याच्याशी बोलत राहावे, रस्त्यावरच्या बसगाड्या दाखवाव्यात, गाणे म्हणावे. चारचाकीने आणताना मूल झोपलेच, तर घाईने उठवू नये आणि बंद गाडीत एकटे तर क्षणभरही सोडू नये. त्याला उचलून थेट अंथरुणावर ठेवावे आणि जेवण उठल्यावर द्यावे. दुचाकीवर मात्र पेंगणारे मूल धोक्याचे आहे. चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेताना सुरक्षा-पट्टा आणि हेल्मेट बंधनकारक करणारा केंद्राचा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे, आणि मूल पेंगत असेल तर गाडी बाजूला थांबवणे हाच सुज्ञपणा होय.

दोन झोपांवरून एका झोपेवर येताना

पंधरा ते अठरा महिन्यांच्या सुमारास बहुतेक मुले सकाळची आणि दुपारची अशा दोन झोपा सोडून एकाच झोपेवर येतात. या काळात सकाळी दहाला झोप काढलेले मूल दुपारी झोपायला साफ नकार देते, आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी रडून घर डोक्यावर घेते. येथे दुपारच्या झोपेसाठी झगडण्यात अर्थ नसतो. सकाळची झोपच दर दोन-तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटे पुढे सरकवत बारापर्यंत आणावी. मधल्या काळात मूल किरकिरे होते. त्या दिवसांत रात्रीचे झोपणे अर्धा तास अलीकडे घ्यावे. आपल्याकडे अकराच्या सुमारास पेज घेण्याची पद्धत आहे, तिचा येथे चांगला उपयोग होतो: अकराला पेज दिलेले मूल भुकेने न रडता साडेबारापर्यंत तग धरते. मात्र पेज पोटभर दिली तर दुपारचा भात नाकारला जातो आणि रिकाम्या पोटी मूल अर्ध्या तासात उठते, म्हणून प्रमाण सांभाळावे.

उजेड, उकाडा आणि पावसाळा

जुन्या कौलारू घरात मध्येच एखादे काचेचे कौल बसवलेले असते. त्यातून येणारा उन्हाचा कवडसा सकाळी भिंतीवर असतो आणि भर दुपारी, सूर्य डोक्यावर आला की, खाली सरकून नेमका अंथरुणावर पडतो. मोठ्या माणसाला त्याचे काही वाटत नाही. मूल मात्र त्या कवडशात तरंगणारी धूळ पकडायला उठून बसते. अंथरूण दोन हात सरकवले तरी हा प्रश्न सुटतो. पर्वरी-मडगावच्या सदनिकांत पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावावा. मिट्ट काळोख करण्याची गरज नाही.

एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात घामाने भिजलेले मूल झोपणार नाही, हे उघड आहे. झोपण्याआधी कोमट पाण्याने अंग पुसावे, सुती झबले किंवा नुसती चड्डी ठेवावी, फरशीवर पातळ गादी घालावी. वीज गेली तर हातपंखा जवळ असू द्यावा. पावसाळ्यात अडचण वेगळी असते: जूनपासून मूल बाहेर पडत नाही, दिवसभर घरात बसून असते आणि दमतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच मार्गदर्शनात या वयाच्या मुलांसाठी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटांची हालचाल सुचवलेली आहे. सरी थांबतील तेव्हा अंगणात, नाही तर व्हरांड्यात चेंडू, सोप्यावर चढणे-उतरणे, उशांचे डोंगर, असा खेळ सकाळच्या वेळातच व्हायला हवा.

झोळीबद्दल स्पष्टच लिहिते. साडीच्या झोळीत वाढलेले मूल दीड-दोन वर्षांचे झाले तरी तिच्याशिवाय झोपत नाही म्हणून ती चालू ठेवली जाते. या वयाचे मूल उभे राहते, वळते, बाहेर पडू पाहते, आणि कापडाचा पीळ मानेभोवती बसण्याचा धोका खरा आहे. लक्ष ठेवायला कोणी जवळ नसेल तर झोळी वापरूच नये, आणि हळूहळू जमिनीवरच्या गादीची सवय लावावी.

खेळातून उचलून थेट अंथरुणावर

भावंडांबरोबर धावणाऱ्या मुलाला बखोटीला धरून आत नेले आणि दार लावले, तर ते रडणारच. झोपेआधी वीस मिनिटे रोज त्याच क्रमाने जावीत: हातपाय धुणे, खिडकी लोटणे, एक गोष्ट, मग थोपटणे. क्रम छोटा असावा आणि आई, आजी, पाळणाघरातील ताई यांपैकी कोणीही झोपवले तरी तोच असावा. आजीकडे दोन तास मांडीवर आणि घरी एकट्याने, अशी ओढाताण मुलाला पेलत नाही.

मोबाइलवरचे गाणे दाखवून झोपवण्याने मूल शांत बसलेले दिसते खरे, परंतु त्याचे डोळे आणि लक्ष दोन्ही पडद्यात गुंतलेले असतात आणि झोपेची वेळ टळून जाते. दोन वर्षांखालील मुलाला पडदा दाखवूच नये. त्यापुढेही झोपेआधीचा तास त्यापासून मोकळा ठेवावा. आणि बागुलबुवाची, पोलिसाची, इंजेक्शनची भीती घालून झोपवणे तर पूर्णपणे सोडून द्यावे. भ्यालेले मूल डोळे मिटून पडून राहते, पण तिला झोप म्हणता येत नाही, आणि अंथरूण ही भीतीची जागा आहे हे मात्र त्याच्या मनात पक्के बसते.

वेळ टळून गेल्याची खूण ओळखता यायला हवी. डोळे चोळणे, कान ओढणे, नजर एकटक होणे, खेळणे टाकून कमरेला बिलगणे या पहिल्या खुणा असतात. त्या वेळी अंथरुणावर नेले तर दहा मिनिटांत काम होते. तो क्षण निसटला की तेच मूल एकाएकी तरतरीत दिसते, खिदळते, घरभर पळत सुटते, आणि पाहणारे म्हणतात, "बघा, याला कुठे झोप आली आहे?" प्रत्यक्षात ते अतिशय थकलेले असते.

चहा, जायफळ आणि खोकल्याचे औषध

सकाळी आणि चारच्या सुमारास पाव चहात बुडवून लहान मुलांना देणारी घरे आपल्याकडे आजही पुष्कळ आहेत. चहातील कॅफीन लहान शरीरात काही तास टिकून झोप लांबवते, शिवाय चहामुळे अन्नातील लोह नीट शोषले जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांपैकी ६७.१ टक्के मुले रक्तक्षयी आढळली, आणि लोहाची कमतरता हे अस्वस्थ झोपेचे एक ज्ञात कारण आहे. पाव दुधात किंवा डाळीत बुडवून द्यावा.

जायफळ आपल्या फोंड्याकडच्या बागायतींत पिकते, घरात असते, आणि ते उगाळून दिले की मूल झोपते, हा सल्ला कानावर येतोच. जायफळातील मिरिस्टिसिन जास्त प्रमाणात गेल्यास गुंगीबरोबर बेचैनी, तोंडाला कोरड आणि धडधड होऊ शकते, आणि सहाणेवर किती वेढे म्हणजे किती मात्रा, हे कोणालाच मोजता येत नाही. झोपेचे औषध म्हणून ते देऊ नये. सर्दी-खोकल्याच्या औषधाने मूल झोपते म्हणून ते देणे तर अधिकच धोक्याचे आहे. क्लोरफेनिरामीन आणि फेनिलेफ्रिन यांचे एकत्रित औषध चार वर्षांखालील मुलांना वापरू नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याची सूचना देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिली. अशा औषधांनी काही मुले झोपण्याऐवजी उलट उत्तेजित होतात.

मूल रोज रात्री घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल किंवा पाय सतत झाडत असेल, तर वेळापत्रकाचे प्रयोग थांबवून बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. नाकामागील ग्रंथी वाढल्यानेही असे होते.

झोप संपली, असे घाईने ठरवणे

दोन वर्षांच्या आत दुपारची झोप कायमची सोडणारी मुले फारच थोडी असतात. बहुतेक मुले ती तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान सोडतात. दोन वर्षांच्या आसपास बोलणे वाढते, 'नको' म्हणता येऊ लागते, घरात नवे बाळ येते, आणि एक-दोन आठवडे मूल झोप नाकारते. या आठवड्यांत अंथरूण आणि क्रम रोज त्याच वेळी ठेवावा. बहुतेकदा झोप परत येते. न झोपलेले मूल संध्याकाळी पाचला ताटावरच पेंगत असेल, तर त्याला झोप हवी आहे असे समजावे. उलट, दुपारी न झोपताही ते संध्याकाळपर्यंत आनंदी राहत असेल आणि दुपारी झोपले की रात्री तासभर तळमळत असेल, असे सलग काही आठवडे दिसले, तर झोप खरोखरच सुटत आहे.

तेव्हाही दुपारचा तास मोकळा सोडू नये. खोली तशीच मंद उजेडाची ठेवून मुलाला पुस्तके, ठोकळे, कापडी बाहुली देऊन पाऊण तास शांत बसू द्यावे. "झोप" हा शब्दही काढू नये. आठवड्यातून दोन-तीनदा ते आपोआप कलंडते. तसे झाले तर साडेतीन-चारच्या पुढे झोपू देऊ नये, आणि जे दिवस झोपेशिवाय जातील त्या दिवशी संध्याकाळी सातला जेवण व आठच्या आत अंथरूण ठेवावे.