मधुमेह असताना आवाज बसला तर काय करावे

आवाज बसला की आपल्याकडे हात आधी खडीसाखरेच्या डबीकडे जातो. शिक्षक, कीर्तनकार, भाजीवाल्या, ज्यांचे पोटच आवाजावर आहे अशांच्या पिशवीत ती बहुधा असतेच. मधुमेह असलेल्या माणसाने मात्र आधी ग्लुकोमीटर काढावा, कारण घसा कोरडा पडण्याचे मूळ पुष्कळदा रक्तातल्या साखरेतच असते.

साखर साधारणपणे 180 मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडे ती लघवीवाटे टाकू लागतात आणि तिच्याबरोबर शरीरातले पाणीही जाते. स्वरतंतू बोलताना पुरुषांमध्ये सेकंदाला शंभर-सव्वाशे, तर स्त्रियांमध्ये सुमारे 200 वेळा कंप पावतात. त्यांच्यावरचा पातळ ओलावा आटला, कफ चिकट झाला, की आवाज घोगरा होतो, वरचे स्वर तुटतात आणि संध्याकाळपर्यंत घसा दुखू लागतो.

म्हणून प्रथम सात दिवसांची नोंद ठेवावी. सकाळी चहापूर्वी मोबाइलवर एक ते वीस अंक नेहमीच्या आवाजात म्हणून ध्वनिमुद्रित करावेत, मग एका श्वासात ‘आ’ किती सेकंद धरता येतो ते मोजावे आणि शेजारी उपाशीपोटीची साखर लिहावी. रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा तेच करावे आणि त्या वेळची साखर लिहावी. दुसऱ्या कोणाच्या ‘आ’शी तुलना करण्यात अर्थ नाही, आपलाच आकडा साखरेबरोबर वरखाली होतो का, एवढेच पाहायचे आहे.

आवाज रोज सकाळी जड असतो, दुपारपर्यंत मोकळा होतो आणि सारखे खाकरावेसे वाटते, अशी नोंद निघाली तर संशय आम्लाकडे वळवावा. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात जठराच्या नसा मंदावतात, अन्न पोटात रेंगाळते आणि रात्री आम्ल घशापर्यंत चढते. छातीत जळजळ होत नाही म्हणून हे नाहीच, असे समजू नये. रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी तीन तास उरकावे आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवाव्यात. नुसत्या उशा वाढवल्याने पोट दुमडते आणि उलट त्रास होतो.

औषधांची पिशवीही एकदा उघडून पाहावी. रक्तदाबासाठी किंवा मूत्रपिंडाच्या रक्षणासाठी दिलेल्या रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो आणि तो स्वरतंतूंना सोलून काढतो. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन या गोळीने लघवी वाढते. दम्याचा स्टेरॉइड पंप घेतल्यावर चूळ भरली नाही तर घशात बुरशी धरू शकते, आणि साखर चढलेली असेल तर तिचे अधिकच फावते. यातले कोणतेही औषध मनाने बंद करू नये. नोंदवही घेऊन डॉक्टरांपुढे बसावे.

घरच्या उपायांपैकी पाण्याचे लहान लहान घोट आणि साध्या पाण्याची वाफ चांगली. मात्र हृदय वा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर ते पाळावे. गुळण्यांनी घशाला आराम पडतो, पण ते पाणी स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही. मध ही साखरच आहे, खोकल्याच्या अनेक सिरपांतही ती असते, आणि ज्येष्ठमध रोज चघळल्याने रक्तदाब वाढू शकतो. कुजबुजणे म्हणजे आवाजाला विश्रांती नव्हे. त्यापेक्षा हळू आवाजात, थोडे बोलावे. कार्यक्रमापुरते म्हणून कोणी स्टेरॉइड देऊ केले, तर मधुमेह असल्याचे आधी सांगावे, कारण त्याने साखर झपाट्याने चढते.

चार आठवड्यांत आवाज सुधारला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्यावे. तंबाखू किंवा मिश्रीची सवय, मानेत गाठ, गिळताना अडथळा, थुंकीत रक्त यांपैकी काहीही असेल तर चार आठवडेही थांबू नये, आणि श्वास लागत असेल तर तडक रुग्णालय गाठावे. मधुमेहात क्षयाचा धोका दुप्पट-तिप्पट असतो आणि तो स्वरयंत्रातही होतो. त्यामुळे दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, उतरणारे वजन यांसोबत आवाज बसला असेल तर थुंकी तपासावी. थायरॉइडची तपासणीही करून घ्यावी.

आवाज बसणे वेगळे आणि जीभ अडखळणे वेगळे. बोलणे अचानक बोबडे झाले, घाम फुटला, हात थरथरू लागले, तर साखर मोजावी. ती 70 च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असून त्याला गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. इथे खडीसाखरही चालेल, पण खडा चघळत बसू नये. कुटून पाण्यात विरघळवून घ्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. साखर ठीक असूनही तोंड वाकडे दिसत असेल किंवा एक हात उचलत नसेल, तर तो पक्षाघात समजून लगेच 108 ला फोन करावा.