काँटेसामध्ये कमी बजेटात इंजिन बदलताना पार्ट कसे निवडायचे

हिंदुस्तान मोटर्सची जुनी १५०० सीसीची काँटेसा असेल अन् गाडी जरा पळावी वाटत असेल तर उगाच भलतं इंजिन शोधत बसू नका, काँटेसा क्लासिकचं, म्हणजे ह्याच गाडीच्या नंतरच्या मॉडेलचं, इसुझू १.८ पेट्रोलच बघा, बॉडी तीच असल्यानं कापाकापी कमी होते. पण नुसतं इंजिन घेऊ नका राव! गिअरबॉक्स, माउंटिंग (इंजिन बसवायचे ब्रॅकेट-रबर), प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडं जाणारा दांडा), कार्ब्युरेटर, वायरिंग सगळं एकाच गाडीचं उचला, सुटं सुटं जमवायला गेलं की लेथवाल्याकडंच पैसे जातात.

घेण्याआधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या, आकडे एकमेकांच्या जवळ पाहिजेत. ऑइल दुधाळ दिसलं, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं असलं, तर सरळ सोडा.

वाचवायचं तर पेंट, क्रोमवर वाचवा. क्लच प्लेट, वॉटर पंप, होस पाइप नवेच टाका. अन् रेडिएटर! सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, सिग्नलला एसी लावून उभं राहिलं की जुना चोकअप रेडिएटर दम टाकतो, त्यामुळं कोअर, म्हणजे आतली जाळी, नवा करून घ्या, माझ्या मते सगळ्यात जास्त खर्च इथंच करावा.

इंजिन काढायच्या आधी आरटीओची परवानगी घ्या, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, नंतर आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्यायचा, म्हणून ज्याच्याकडून इंजिन घेताय त्याच्याकडून बिल अन् त्या गाडीच्या आरसीची झेरॉक्स पैसे देतानाच मागा.