मोर्चाच्या फोटोमागची जाहिरात

एखाद्या खवळलेल्या काळावर कोलाज, म्हणजे छापील तुकडे कापून-चिकटवून केलेलं चित्र, करायचं ठरलं की पहिले काही दिवस मी कात्रीला हातच लावत नाही. नुसती रद्दी जमवते. त्यात दंगली-मोर्चांचे फोटो थोडे, जाहिराती भरपूर. काळ खवळलेला होता हे दाखवायला पेटलेली गाडी सगळेच चिकटवतात; त्याच पानाच्या पाठपोट सोफ्याची जाहिरात होती, हे मला जास्त बोचतं. अमेरिकन कलाकार मार्था रोस्लरने १९६७ ते १९७२ या काळात हेच केलं. मासिकांतल्या चकचकीत दिवाणखान्यांत तिने व्हिएतनाम युद्धातली माणसं आणून ठेवली.

कापण्याआधी कागदामागे पेन्सिलने तारीख लिहा. पुढे काही आठवत नाही.

मग आकारांशी खेळा. बर्लिनच्या हाना ह्योख या चित्रकर्तीचं १९१९-२० मधलं मोठं कोलाज बघा. पहिलं महायुद्ध हरलेली, राजेशाही कोसळलेली जर्मनी. तिने सेनानी हिंडेनबुर्गचं डोकं थेट एका नर्तकीच्या धडावर बसवलं, भोवती यंत्रांची चाकं फिरवली. आणि खाली उजव्या कोपऱ्यात? स्त्रियांना मताधिकार देणाऱ्या युरोपीय देशांचा इवलासा नकाशा, शेजारी तिचा स्वतःचा चेहरा. एवढ्या गदारोळात ती कुठे उभी होती ते कळतं. तुमच्या कामातही असा कोपरा राखून ठेवा.

मोठे मथळे मात्र टाळा. लोक ते वाचतात आणि चित्र बघायचं राहून जातं.

मृतांचे चेहरे मी घेत नाही. एकदा घेतला होता. काम जमलं होतं, पण भिंतीवर लावायला हात धजेना. आता रस्त्यावर पडलेली चप्पल पुरते.

सगळं आधी सुकंच मांडा, मोबाइलवर फोटो काढा, रात्र जाऊ द्या. सकाळी निम्मे तुकडे नकोसे होतात. वर्तमानपत्राचा कागद लवकर पिवळा पडतो. ते नको असेल तर चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून ती कापा. डिंक पातळ लावा आणि तुकडा मधून कडांकडे दाबत न्या, म्हणजे फुगे राहत नाहीत. शेवटी वर बटर पेपर घालून जाड पुस्तकांखाली दाबा. बटर पेपर विसरू नका. माझ्या शब्दकोशाच्या मागच्या पुठ्ठ्यावर अजून अर्धा रणगाडा आहे.