पहिला एपिसोड रेकॉर्ड करायच्या आधी

क्रिएटिव्ह प्रोसेसवर ऑनलाइन शो करायचाय ना, मग कॅमेरा कुठला घेऊ हे आधी बाजूला ठेवा, फोनचा चालतो. कागद घ्या आणि सहा एपिसोडचे विषय लिहून काढा, आणि विषय म्हणजे 'कला आणि मी' असलं काही नको, 'शेवटची ओळ कधी खोडायची' असं नेमकं बोट ठेवता येईल असं काहीतरी. सहा सुचले नाहीत तर थांबा की चार दिवस, घाई कुणाला आहे.

मग पाहुणा. त्याला आधीच सांगून ठेवायचं की पूर्ण झालेलं काम आणू नका, अर्धवट, फसलेलं, खोडलेलं काहीतरी घेऊन या. हे मला तिसऱ्या एपिसोडला कळलं, तोवर मी आपला 'प्रेरणा कुठून मिळते' विचारत बसायचो आणि सगळे तेच गुळगुळीत बोलायचे, निसर्ग, प्रवास, माणसं, झालं. मग कविता करणारी एक ताई आली, तिनं वही उघडली तर एका पानावर एकच ओळ सात वेळा लिहिलेली आणि सहा वेळा खोडलेली, पेन इतकं दाबून की पानाच्या मागून बोट फिरवलं तरी लागत होतं. मी म्हटलं, ही चौथी का खोडलीत, बरी आहे की. तर म्हणाली, बरी आहे पण माझी नाहीये, मला आवडणाऱ्या कवीची वाटते. पुढची पंधरा मिनिटं मला काही विचारावंच लागलं नाही.

म्हणून प्रश्न दहा लिहा पण वस्तूवरून, हे कधी केलंत, इथे का थांबलात, मग काय केलंत. उत्तर संपलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, मनात तीन मोजा, बऱ्याचदा खरं उत्तर तिथेच येतं. रेकॉर्डिंगच्या आधी पाहुण्याशी फोनवर बोलाल ते दहा मिनिटांत आटपा आणि किस्सा रंगायला लागला की सरळ थांबवा, कारण तोच किस्सा दुसऱ्यांदा सांगताना शिळा होतो. अर्धवट काम स्क्रीनवर दाखवलं तर चालेल का, आईबद्दल किंवा मित्राबद्दल जे बोलाल ते ठेवायचं का, हे मेसेजमध्ये लिहून घ्या, तोंडी 'हो हो' वर जाऊ नका.

आता आवाज. चित्र थोडं अंधुक असलं तरी लोक बघतात, आवाज खराब असला की निघून जातात. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, पडदे ओढलेले, फ्रिज बंद आणि घराची किल्ली त्याच फ्रिजमध्ये, म्हणजे बाहेर पडताना तो चालू करायची आठवण राहते (हसू नका, एकदा सगळं दूध नासलंय). माइक तोंडापासून वीतभर आणि जरासा तिरका, नाहीतर प आणि फ म्हटलं की धप्प होतं. रेकॉर्डिंगचं सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट (आवाज किती बारकाईनं टिपायचा ते यावर ठरतं), लेव्हल म्हणजे मीटरवरचा आवाजाचा आकडा मोठ्यात मोठ्या आवाजालाही उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. एका माइकची तासाची वेव्ह फाइल (आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणारी) साधारण ५०० एमबी होते, त्या हिशोबानं मेमरी कार्ड रिकामं ठेवा. आणि एक मिनिट रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका, नुसत्या हलणाऱ्या रेषा बघून खूश होऊ नका, मी एक अख्खा तास लॅपटॉपच्या आतल्या माइकवर घेतलाय आणि समोर चांगला माइक शोभेला उभा. शेवटी कुणी न बोलता ३० सेकंद खोलीची शांतता घ्या, एडिटमध्ये कापलेल्या जागा बुजवायला लागते.

लाइट म्हणजे खिडकीकडे तोंड, पाठ नाही. जमलं तर दुसरा फोन वरून हातांवर लावा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा, दोन्ही फोनची चित्रं आणि माइकचा आवाज एकमेकांशी जुळवायला सोपं जातं. म्युझिक स्वतःचं किंवा लायसन्सचं, खाली नाव दिलं म्हणजे कुठलंही गाणं वापरता येतं हा गैरसमज आहे.

आणि 'थँक्यू' झाल्यावर रेकॉर्डर लगेच बंद करू नका, पण तो चालू राहील हे पाहुण्याला आधी सांगून ठेवा, चोरून नको. चहा घेता घेता ताई म्हणाली की सातवी ओळसुद्धा ती आज रात्री खोडणार आहे, तेवढ्यासाठी तो एपिसोड लोकांनी ऐकला. सगळं आटपल्यावर फाइलच्या तीन कॉपी, त्यातली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर, आणि तिन्ही उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही.