आखडलेला खांदा घरी कसा सोडवायचा

फ्रोजन शोल्डरमध्ये सांध्याभोवतीचं आवरण आधी सुजतं, मग जाड होऊन आकसतं. केस विंचरताना, मागच्या खिशातलं पाकीट काढताना हात मध्येच अडतो. चाळिशी ते साठीत हा त्रास जास्त दिसतो, मधुमेह असेल तर आणखी. पूर्ण सुटायला १ ते ३ वर्षं लागू शकतात. म्हणून कुणाकडून हात ओढून, झटका देऊन 'मोकळा' करून घेऊ नका. सुजलेलं आवरण त्याने आणखी चिडतं.

व्यायामाआधी १५ मिनिटं शेक घ्या. पिशवीतलं पाणी उकळतं नको, आणि पिशवी पंच्यात गुंडाळलेली हवी. मधुमेहामुळे त्वचेची संवेदना कमी झाली असेल तर चटका बसलेला कळत नाही, तेव्हा दर ५ मिनिटांनी त्वचा बघा.

सुरुवात झोक्याने करा. चांगला हात टेबलावर टेकून कमरेतून वाका, दुखरा हात सैल लोंबकळू द्या आणि अंग हलवून त्याला झोके द्या. दोन्ही दिशांना १०-१० गोल पुरे. इथे बहुतेक जण हातच फिरवतात. मग खांद्याचे स्नायू ताठ होतात आणि झोक्याचा उपयोग संपतो.

पुढचा व्यायाम काठीचा, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा, कारण हात बाहेरच्या बाजूला वळवणं हीच हालचाल सर्वांत जास्त अडते. उताणे झोपा, कोपर काटकोनात वाकवा. कोपर आणि बरगड्यांमध्ये घडी केलेला नॅपकिन धरा. दोन्ही हातांत काठी आडवी धरून चांगल्या हाताने दुखरा हात हळूहळू बाहेर ढकला. ताण जाणवला की १५ ते २० सेकंद थांबा. असं ५ वेळा. नॅपकिन पडला तर समजा, कोपर अंगापासून सुटलं आणि खांदा वळलाच नाही.

मग भिंतीवर बोटं चालवत हात वर न्या, १० वेळा. खांदा कानाकडे उचलला जात असेल तर तिथेच थांबा. खांदा उचलल्याने बोटं उंच पोचतात, पण सांध्याची हालचाल तेवढीच राहते. आठवड्यातून एकदा पोचलेल्या जागी पेन्सिलची खूण करा. रोज मोजत बसलात तर उगाच हिरमोड होतो. पाठीमागे टॉवेल धरून हात वर ओढण्याचा व्यायाम मात्र रात्रीचं ठणकणं थांबेपर्यंत नको.

हे सगळं दिवसातून २-३ वेळा, थोडं थोडं. ताण चालेल, पण व्यायामानंतर तासाभरानेही दुखत असेल किंवा रात्रीची झोप मोडली, तर दुसऱ्या दिवशी निम्मंच करा. आयएफटी (सौम्य विजेचा शेक) किंवा अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा शेक) देणाऱ्या मशीनने दुखणं काही वेळ हलकं होऊ शकतं, पण आवरण ताणायचं काम व्यायामालाच करावं लागतं. सुरुवातीला वेदना असह्य असतील तर इंजेक्शनबद्दल अस्थिरोगतज्ज्ञांना विचारा.

पडल्यानंतर हात उचलत नसेल, ताप आणि सूज असेल, हाताला मुंग्या येत असतील तर व्यायाम न करता आधी डॉक्टरांना दाखवा. खांदेदुखीबरोबर छातीत दडपण आणि घाम आला, तर थेट रुग्णालय गाठा.