पुसलेली मारबत परत मिळाली
नागपूरच्या महाल भागातल्या गर्दीत टिपलेली काळ्या-पिवळ्या मारबतींची (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत निघणाऱ्या पुतळ्यांची) छायाचित्रे, मोबाइलमध्ये जागा करण्याच्या नादात, मी स्वतःच पुसून टाकली. गूगल फोटोजच्या ‘ट्रॅश’मध्ये बॅकअप झालेली छायाचित्रे ६० दिवस आणि न झालेली ३० दिवस राहतात, त्यामुळे बहुतेक ‘रिस्टोअर’ करताच परतली. जी बारा मी उत्साहाने (दुसरे काय म्हणावे?) ट्रॅशमधूनही कायमची पुसली होती, ती सक्करदऱ्याच्या आत्यांना व्हॉट्सॲपवर पाठवलेली असल्याने त्यांच्याकडून मिळाली, अर्थात दर्जा काहीसा उतरलेला. रिकव्हरी ॲपच्या नादी मी लागलो नाही, कारण आजच्या फोनमधील साठवण एन्क्रिप्टेड (सांकेतिक रूपात कुलूपबंद) असल्याने अशी ॲप्स बहुधा उरलेली थंबनेलच (छायाचित्रांच्या छोट्या प्रतिमा) शोधून दाखवतात.